एलएसटी-३२५ : अनामिक जहाजाचा साठ वर्षांचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धातील जहाजे म्हटली की विमानवाहू नौका, विनाशिका आणि पाणबुड्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात त्या युद्धातील अनेक मोहिमा ठरल्या, पुढे ढकलल्या गेल्या किंवा रद्द झाल्या त्या एका सामान्य दिसणाऱ्या, संथ आणि बोजड जहाजाच्या उपलब्धतेवर. ‘लँडिंग शिप, टँक’ हे त्याचे अधिकृत वर्गनाम आणि ‘एलएसटी’ हे संक्षिप्त रूप. रणगाडे, मालमोटारी, तोफा आणि सैनिक थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. या वर्गातील जहाजांना नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. त्यांपैकी ‘एलएसटी-३२५’ या जहाजाने सिसिलीपासून नॉर्मंडीपर्यंतचे युद्ध पाहिले, पुढे आर्क्टिकच्या सीमेवरील थंड समुद्रात मालवाहतूक केली, ग्रीसच्या नौदलात पस्तीस वर्षे सेवा बजावली आणि अखेरीस वृद्ध माजी नौसैनिकांच्या हातून अटलांटिक ओलांडून ते मायदेशी परतले. आज ते अमेरिकेतील इंडियाना राज्यात इव्हान्सव्हिल येथे संग्रहालय म्हणून उभे आहे.

गरज आणि कल्पना

मे-जून १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून अधिक ब्रिटिश व मित्रराष्ट्रीय सैनिक इंग्लंडला सुखरूप परतले. परंतु त्यांचे रणगाडे, तोफा आणि वाहने फ्रान्समध्येच राहिली. माणसे लहान होड्यांतूनही परत आणता येतात, अवजड सामग्री आणता येत नाही, हा धडा ब्रिटनला महागात मिळाला होता. युरोपच्या भूमीवर पुन्हा पाऊल ठेवायचे, तर शत्रूच्या ताब्यातील बंदरांची वाट न पाहता उघड्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवू शकेल आणि तरीही महासागर ओलांडू शकेल असे जहाज हवे होते.

या दोन अपेक्षा परस्परविरोधी होत्या. किनाऱ्याला लागण्यासाठी जहाजाचा तळ उथळ पाण्यात चालेल इतका वर असावा लागतो. खुल्या समुद्रातील लाटांना तोंड देण्यासाठी तो पुरेसा खोल बुडालेला असावा लागतो. ब्रिटिशांनी प्रथम व्हेनेझुएलातील माराकैबो सरोवराच्या उथळ मुखातून ये-जा करण्यासाठी बांधलेल्या तेलवाहू जहाजांत फेरफार करून पाहिले. त्या प्रयोगातून कल्पना व्यवहार्य असल्याचे दिसले. मात्र नव्याने आखलेल्या जहाजाची गरज कायम राहिली.

नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील आरेखक जॉन नीडरमायर यांनी या प्रश्नाचे उत्तर एका प्राथमिक रेखाटनात मांडले. पाणबुडी ज्याप्रमाणे टाक्यांत पाणी घेऊन खाली जाते आणि ते बाहेर टाकून वर येते, त्याच तत्त्वाचा त्यांनी उपयोग केला. खुल्या समुद्रात असताना टाक्यांत समुद्राचे पाणी भरायचे, म्हणजे जहाज खोल बुडून स्थिर राहते. किनारा जवळ आला की ते पाणी उपसून टाकायचे, म्हणजे जहाज वर उचलले जाते आणि उथळ पाण्यातून पुढे सरकू शकते. पुढील सर्व एलएसटी याच कल्पनेवर उभ्या राहिल्या.

रचना

एलएसटी-३२५ ची लांबी सुमारे ३२८ फूट आणि रुंदी ५० फूट. तळ सपाट. किनाऱ्याला लागताना तिची नाळ, म्हणजे पुढचा भाग, पाण्यात जेमतेम चार फूट बुडलेला असे, तर मागचा भाग सुमारे दहा फूट. त्यामुळे किनाऱ्याच्या उतारावर ती अलगद टेकत असे. नाळेला दोन प्रचंड दरवाजे होते. ते बाजूला उघडले की आतील उतरंड खाली येई आणि वाहने स्वतःच्या चाकांवर किंवा पट्ट्यांवर थेट वाळूत उतरत. गोव्यातील नद्यांवरच्या फेरीबोटींतून ज्यांनी दुचाकी किंवा मोटार काठावर उतरवली आहे, त्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही. येथे मात्र तेच काम अवजड रणगाड्यांसाठी आणि अनेकदा तोफांच्या माऱ्याखाली करावे लागे.

पोटात रणगाड्यांसाठी सलग मोकळा मजला होता. त्यावर सुमारे वीस रणगाडे मावत. वरच्या उघड्या मजल्यावर हलकी वाहने ठेवली जात आणि ती उद्वाहकाने खाली आणली जात; पुढच्या काळात बांधलेल्या जहाजांत उद्वाहकाऐवजी उतरंड बसवण्यात आली. बंदिस्त जागेत वीस रणगाड्यांची इंजिने एकाच वेळी सुरू झाली, तर त्यांच्या धुराने माणसे गुदमरण्याचा धोका होता. म्हणून केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथे या मजल्याची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून वायुवीजनाची चाचणी घेण्यात आली.

किनाऱ्यावर रुतलेले जहाज परत पाण्यात कसे न्यायचे, याचेही उत्तर रचनेतच होते. किनाऱ्याकडे येताना मागील बाजूचा नांगर खोल पाण्यात टाकला जाई. माल उतरवून झाला की त्याच नांगराची तार यंत्राने गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घेई.

दोन डिझेल इंजिनांच्या बळावर वेग मिळे तो जेमतेम ताशी १२ सागरी मैल. सपाट तळामुळे वादळी समुद्रात जहाज भयानक डोलत असे. एलएसटी या तीन अक्षरांचा खरा अर्थ ‘मोठे संथ लक्ष्य’ असा आहे, अशी थट्टा नौसैनिक करत. प्रत्यक्षात ही जहाजे चिवट ठरली. युद्धकाळात बांधलेल्या १,०५१ एलएसटींपैकी शत्रूच्या कारवाईत २६ आणि वादळ, खडक किंवा अपघात यांमुळे १३ गमावल्या गेल्या.

बांधणी

किनारपट्टीवरील मोठ्या गोद्या विमानवाहू नौका आणि विनाशिकांच्या कामात गुंतलेल्या होत्या. त्यामुळे बहुसंख्य एलएसटी समुद्रापासून शेकडो मैल दूर, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठांवरील नव्या गोद्यांत बांधल्या गेल्या. पुलांचे लोखंडी सांगाडे तयार करणाऱ्या कारखान्यांतील कारागीर आणि अल्पावधीत जोडकाम शिकलेल्या स्त्री-पुरुषांनी ही जहाजे उभी केली. शेतांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या या गोद्यांना ‘मक्याच्या शेतातल्या गोद्या’ असे गमतीचे नाव पडले. तयार झालेली जहाजे मिसिसिपी नदीमार्गे समुद्राकडे रवाना होत. ओहायोकाठच्या इव्हान्सव्हिल या एकाच शहरात १६७ एलएसटी तयार झाल्या. १९४३ पर्यंत एक जहाज बांधण्याचा कालावधी चार महिन्यांवर आणि युद्धाच्या अखेरीस दोन महिन्यांवर आला होता.

एलएसटी-३२५ मात्र सुरुवातीच्या तुकडीतील. ती फिलाडेल्फिया येथील नौदलाच्या गोदीत बांधली गेली. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी ती नौदलात दाखल झाली.

सिसिली आणि सालेर्नो

जहाजाची पहिली कामगिरी भूमध्य समुद्रात झाली. उत्तर आफ्रिकेतील तळांवरून ते जुलै १९४३ मधील सिसिलीवरील स्वारीत सहभागी झाले. अमेरिकी सैन्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील जेला येथे उतरत होते. १० जुलैला, मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, याच किनाऱ्यासमोर एलएसटी-३१३ वर बॉम्ब पडून ते जहाज नष्ट झाले. वाहने, इंधन आणि दारूगोळा यांनी भरलेल्या अशा जहाजावर एक बॉम्ब नेमका पडला, तर काय होते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर सालेर्नो येथे झालेल्या मोहिमेतही एलएसटी-३२५ ने भाग घेतला. १९४३ च्या अखेरीस फ्रान्सवरील स्वारीच्या तयारीसाठी ते इंग्लंडला पोहोचले.

तुटवड्याचे राजकारण

या काळात एलएसटींची टंचाई मित्रराष्ट्रांच्या सर्वोच्च बैठकांचा विषय बनली होती. इटली, फ्रान्स, बंगालचा उपसागर आणि प्रशांत महासागर या सर्व आघाड्यांना एकाच वेळी हीच जहाजे हवी होती. दोन महासत्तांच्या योजना या काही जहाजांपायी अडून राहाव्यात, याबद्दल चर्चिल यांनी उघड त्रागा व्यक्त केला होता.

या टंचाईची झळ भारताच्या शेजारच्या समुद्रालाही पोहोचली. जपानच्या ताब्यातील अंदमान बेटांवर समुद्रमार्गे हल्ला करण्याची ‘बकानीर’ ही योजना माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया विभागाने आखली होती. युरोपसाठी जहाजे हवी असल्याने डिसेंबर १९४३ मध्ये ती रद्द झाली. अंदमानातील जपानी ताबा त्यानंतर युद्धाच्या अखेरपर्यंत टिकला. फ्रान्सवरील मुख्य स्वारी मे महिन्यातून जून १९४४ वर नेण्यामागे आणखी एका महिन्याचे जहाज-उत्पादन हाती यावे हे एक प्रमुख कारण होते. दक्षिण फ्रान्सवर एकाच वेळी करावयाचा हल्लाही याच कारणाने ऑगस्टपर्यंत लांबला.

अशा स्थितीत २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या लाइम उपसागरात सरावासाठी निघालेल्या एलएसटींच्या तांड्यावर वेगवान जर्मन टॉर्पेडो नौका तुटून पडल्या. एलएसटी-५०७ आणि एलएसटी-५३१ बुडाल्या, एलएसटी-२८९ ची मोठी हानी झाली. अधिकृत आकड्यानुसार ७४९ अमेरिकी सैनिक व नौसैनिक मृत्युमुखी पडले. स्वारीचे गुपित फुटू नये म्हणून ही घटना त्या वेळी दडवून ठेवण्यात आली. वाचलेल्या आणि इतर जहाजांवरील माणसांना त्याविषयी न बोलण्याची ताकीद होती, आणि सहा आठवड्यांनी त्यांतील अनेकांना त्याच प्रकारच्या जहाजांतून फ्रान्सकडे निघायचे होते.

नॉर्मंडी

५ जून १९४४ रोजी एलएसटी-३२५ इंग्लंडहून निघाले. पहिल्या लाटेमागून जाणाऱ्या राखीव दलाचा ते भाग होते; ७ जूनला ते ओमाहा किनाऱ्यासमोर पोहोचले. या पहिल्या फेरीत त्यावर ५९ वाहने, ३० अधिकारी आणि ३९६ सैनिक होते. परतताना त्याने ३८ जखमींना इंग्लंडला नेले.

जाताना रणगाडे आणि येताना जखमी, ही दुहेरी वाहतूक एलएसटींच्या आरेखनात मुळात गृहीत नव्हती. नॉर्मंडीसाठी अनेक जहाजांच्या रणगाडा-मजल्याच्या भिंतींना स्ट्रेचर अडकवण्याचे आधार बसवले गेले, वैद्यकीय पथके नेमली गेली आणि मागील भागात शस्त्रक्रियेची सोय करण्यात आली. सकाळी जेथून रणगाडे गडगडत बाहेर पडले, त्याच मजल्यावर संध्याकाळी जखमींच्या रांगा लागत. नॉर्मंडीहून इंग्लिश खाडीपार ४१ हजारांहून अधिक जखमी एलएसटींमधून नेण्यात आले.

मोहिमेच्या पहिल्या दिवसांत आणखी एक बदल झाला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक मोठा आहे. भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्याला लावून ओहोटीत ते कोरड्या वाळूवर बसू द्यायचे, वाहने सुक्या जमिनीवर उतरवायची आणि पुढच्या भरतीला परतायचे, ही पद्धत सोयीची होती. मात्र भरलेले जहाज असमान वाळूवर बसले, तर त्याचा कणा मोडेल, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. प्रत्यक्ष अनुभवाने ती निराधार ठरली. त्यानंतर ओहोटीच्या वेळी ओळीने वाळूवर बसलेल्या एलएसटी हे तेथील नित्याचे दृश्य झाले. मोठी बंदरे हाती येईपर्यंत फ्रान्समधील सैन्याच्या पुरवठ्याचा फार मोठा भार या पद्धतीने पेलला गेला. पुढील महिन्यांत एलएसटी-३२५ ने इंग्लंड आणि फ्रान्सदरम्यान चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या.

‘एम्पायर जॅव्हलिन’चा बचाव

२८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैनिकवाहू जहाज सुमारे दीड हजार अमेरिकी सैनिकांना घेऊन साउदम्प्टनहून फ्रान्समधील ल हाव्र बंदराकडे निघाले होते. ६ जूनला ओमाहा किनाऱ्यावरील पहिल्या लाटेतील सैनिक याच जहाजातून आले होते. खाडीत त्यावर स्फोट झाला आणि ते बुडू लागले. फ्रेंच फ्रिगेट ‘लेस्कार्मूश’ आणि एलएसटी-३२५ यांनी बचावकार्य केले. उथळ तळाचे, वाऱ्यालाटेत सहज भरकटणारे आणि पुढे अवजड दरवाजे असलेले जहाज डिसेंबरच्या समुद्रात बुडत्या जहाजाच्या आसपास सांभाळणे सोपे नव्हते. एलएसटी-३२५ ने सुमारे ७०० जणांना आपल्यावर घेतले. या कामगिरीबद्दल जहाजाचे कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना ब्राँझ स्टार हे पदक देण्यात आले. जहाजावरील बहुतांश सैनिक वाचले.

युद्धानंतर

युरोपातील युद्ध संपल्यावर मे १९४५ मध्ये जहाज अमेरिकेकडे निघाले. वाटेत अटलांटिकमधील वादळात एका प्रचंड लाटेवर नाळ आदळली आणि मुख्य मजल्यावर आडवी भेग पडली. जहाजावरच्या कारागिरांनी भर समुद्रात पोलादी पट्ट्या जोडून ती आवरली आणि जहाज सुखरूप किनाऱ्याला लागले. जपानविरुद्धच्या आघाडीवर जाण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. २ जुलै १९४६ रोजी फ्लोरिडातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज येथे ते सेवेतून काढून ठेवण्यात आले.

१९५१ मध्ये लष्करी सागरी वाहतूक सेवेने ते पुन्हा उपयोगात आणले. शीतयुद्ध सुरू झाले होते. उत्तर ध्रुवाच्या दिशेने येणाऱ्या सोव्हिएत विमानांची आगाऊ सूचना मिळावी म्हणून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि पश्चिम ग्रीनलंडमध्ये रडार केंद्रे उभारली जात होती. तेथे ना धक्के होते ना बंदरे. उघड्या किनाऱ्यावर माल उतरवणारे जहाज येथे पुन्हा कामी आले. लॅब्राडोर समुद्र, डेव्हिस सामुद्रधुनी आणि बॅफिन उपसागर या हिमखंडांच्या प्रदेशात त्याने बांधकाम साहित्याची वाहतूक केली.

१९५५ मध्ये अमेरिकी नौदलाने आपल्याकडे उरलेल्या एलएसटींना देशातील जिल्ह्यांची नावे दिली. वाहतूक सेवेकडे असलेल्या एलएसटी-३२५ ला ते भाग्य लाभले नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये नौदलाच्या पटावरून तिचा क्रमांकही वगळण्यात आला.

नाव मिळाले ते परदेशात. १९६४ मध्ये लष्करी साहाय्याचा भाग म्हणून जहाज ग्रीसला देण्यात आले आणि एजियन समुद्रातील एका बेटावरून त्याचे नाव ‘सिरोस’ ठेवण्यात आले. बेटांनी बनलेल्या त्या देशात अशा जहाजाला कामाची उणीव नव्हती. १९९९ पर्यंत, म्हणजे अमेरिकी नौदलातील सेवेहून कितीतरी अधिक काळ, ते ग्रीक नौदलात राहिले. त्यानंतर क्रीट बेटावरील सूडा उपसागरात ते निकामी अवस्थेत उभे होते.

अखेरचा अटलांटिक प्रवास

एलएसटींवर सेवा केलेल्या माजी नौसैनिकांची एक संघटना अनेक वर्षे जतन करण्याजोगे जहाज शोधत होती. ‘सिरोस’ची मूळ रचना बरीचशी शाबूत होती, म्हणून त्यांनी तिची निवड केली. अमेरिका आणि ग्रीस या दोन्ही देशांच्या परवानग्या मिळवून २००० च्या उन्हाळ्यात ही माणसे स्वखर्चाने क्रीटला पोहोचली. त्यांचे सरासरी वय सुमारे ७२ वर्षे होते. तीव्र उष्म्यात, मर्यादित साधनांनिशी त्यांनी इंजिने, पंप आणि वीजयंत्रणा दुरुस्त केली. ५८ वर्षांचे जहाज आणि सत्तरी ओलांडलेला ताफा हिवाळी अटलांटिक ओलांडणार, याबद्दल सरकारी अधिकाऱ्यांनी उघड शंका व्यक्त केली होती.

१४ नोव्हेंबर २००० रोजी कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या नेतृत्वाखाली जहाजाने क्रीट सोडले. जिब्राल्टर येथे दुरुस्ती व तयारीसाठी थांबून ते अटलांटिकमध्ये शिरले. सुमारे साडेसहा हजार मैलांचा प्रवास पूर्ण करून १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबील बंदरात दाखल झाले, तेव्हा स्वागतासाठी मोठी गर्दी लोटली होती. या माणसांनी तरुणपणी अशाच जहाजांवर काम केले होते. त्यांची इंजिने कशी चालतात, बिघडली तर काय करावे, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा त्यांच्या हातांत अधिक होते. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता, तर हा प्रवास करू शकणारी माणसे बहुधा उरली नसती.

इव्हान्सव्हिल

२००३ मध्ये जहाजाने मिसिसिपी आणि ओहायो नद्यांतून दौरा केला. इव्हान्सव्हिल येथे लोकांनी ते पाहण्यासाठी रांगा लावल्या. युद्धकाळात ज्या शहराने १६७ एलएसटी बांधल्या, त्यांतील एकही त्याच्याकडे उरलेली नव्हती. १ ऑक्टोबर २००५ पासून फिलाडेल्फियात जन्मलेले हे जहाज इव्हान्सव्हिलचे झाले. २००९ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. २०२० मध्ये त्याला शहराच्या मध्यभागी नदीकाठी नवा धक्का मिळाला. हे जहाज आजही स्वतःच्या इंजिनांवर चालते आणि बहुतेक वर्षी नदीकाठच्या इतर शहरांना भेटी देण्यासाठी बाहेर पडते. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे एलएसटी-३९३ हे जहाजही संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

भारतीय नौदलातील वारसा

या प्रकारच्या जहाजांचा वारसा भारतापर्यंतही आला. युद्धकाळात ब्रिटिशांसाठी बांधलेले एक रणगाडावाहू जहाज पुढे ‘मगर’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. किनाऱ्यावर चढून येणारा आणि पुन्हा पाण्यात सरकणारा प्राणी म्हणून हे नाव समर्पकच होते. हेच नाव १९८७ मध्ये दाखल झालेल्या, कोलकात्यात बांधलेल्या नव्या जहाजाला देण्यात आले. ते २०२३ मध्ये निवृत्त झाले. बंदर उद्ध्वस्त झालेल्या आपद्ग्रस्त भागात मदत उतरवण्यासाठीही अशीच जहाजे उपयोगी पडतात.

एलएसटी-३२५ ने कोणतीही मोठी सागरी लढाई जिंकली नाही आणि शत्रूची एखादी ख्यातनाम नौकाही बुडवली नाही. हजारो सैनिक आणि वाहने किनाऱ्याला लावणे, जखमींना परत नेणे आणि एका डिसेंबरच्या दिवशी सुमारे ७०० माणसांना बुडत्या जहाजावरून वाचवणे, एवढीच तिच्या नावावरील, खरे तर तिच्या क्रमांकावरील, नोंद आहे. त्या सातशेंपैकी जे घरी परतले, त्यांच्या कुटुंबांसाठी तेवढी नोंद पुरेशी आहे.